विश्लेषण : हृदयाच्या डॉक्टरने यकृतातील पेशी कशाला पाहायच्या?

पातूरहून अकोल्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सोनोग्राफीची फाइल घेतलेला एखादा तरी प्रवासी असतोच. पाय सुजलेले, पोट थोडे फुगलेले, चार पायऱ्या चढल्या की धाप. कुठे निघालात म्हटले तर उत्तर येते, ‘लिव्हरले सूज हाये म्हने.’ फाइलमध्येही तसेच लिहिलेले असते, यकृत वाढलेले आहे. त्याआधी गावात कोणाकडून तरी कावीळ उतरवून झालेली असते, महिना-दीड महिना काढे पिऊन झालेले असतात. अकोल्यात पोहोचल्यावर एका दवाखान्यातून दुसऱ्यात चिठ्ठी जाते. पोटाचे डॉक्टर हृदयाकडे पाठवतात, हृदयाचे डॉक्टर इको काढतात. इकोत दिसते की खरा बिघाड हृदयाच्या पंपात आहे आणि यकृत त्याची शिक्षा भोगते आहे. कधी नेमके उलटे निघते.

एकाच माणसाच्या शरीरातील दोन अवयव दोन वेगवेगळ्या खोल्यांत तपासले जातात आणि त्या दोन खोल्यांमधला दरवाजा बहुधा बंद असतो. जगात काही हृदयविकारतज्ज्ञ असे आहेत की, जे सकाळी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांना तपासतात आणि दुपारी प्रयोगशाळेत यकृतातील रोगप्रतिकारक पेशींचा अभ्यास करतात. ऐकायला ही चैन वाटते. पातूरच्या रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ती गरज आहे.

हृदय दमले की यकृत का सुजते?

हृदय निकामी होणे म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडते. पुढे न गेलेले रक्त मागे तुंबते. धरणाचा दरवाजा अर्धवट उघडला की पाणी मागच्या शेतांत शिरते, तसे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या लगेच मागे यकृत आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळपास चौथा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून जाते. एवढी रहदारी असलेल्या ठिकाणी पुढचा रस्ता तुंबला तर काय होणार, हे सांगायला नको. यकृताच्या प्रत्येक लहानशा कप्प्याच्या मधोमध रक्त साचते, तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि त्या मरू लागतात. असे यकृत कापून पाहिले तर गडद आणि फिकट ठिपक्यांची नक्षी दिसते. विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘जायफळी यकृत’ म्हणतात. स्वयंपाकघरात जायफळ किसणाऱ्या कोणालाही ती नक्षी ओळखू येईल.

हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. रुग्णाला अर्धवट टेकवून बसवायचे आणि मानेची शीर पाहायची. हृदयामुळे पोट फुगले असेल तर ती शीर सहसा फुगलेली दिसते; यकृताच्या सिरोसिसमुळे फुगले असेल तर बहुधा नाही. उजव्या बरगडीखाली हाताने हलका दाब दिला आणि मानेची शीर आणखी वर चढून तिथेच राहिली, तर संशय पक्का होतो. ग्रामीण रुग्णालयात, विजेशिवाय, दोन मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. सोनोग्राफी हाताशी आल्यापासून ती करण्याची सवय मोडत चालली आहे, आणि हे नुकसान कोणत्याही अहवालात येत नाही.

उलट दिशेचा रस्ताही आहे. यकृतात चरबी साठण्याचा आजार असलेले रुग्ण यकृताने जितके दगावतात, त्याहून अधिक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने दगावतात. ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा सोनोग्राफीत आला की ‘तळलेले कमी खा’ एवढे सांगून विषय संपवला जातो. खरे तर त्या दिवशी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासायला हवे.

यात रोगप्रतिकारक पेशी कुठून आल्या?

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती हलत्या पेशींचा घोळका जमलेला होता. परक्या गोष्टीला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशी. या कामासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचाच ओडेसामधील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्याच्यावरून. हा धागा पुढे पुन्हा लागेल.

शरीराच्या निरनिराळ्या अवयवांत ठाण मांडून राहणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० ते ९० टक्के एकट्या यकृतात असतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्या ताऱ्याच्या आकारात पाहिल्या. त्या नेमक्या काय आहेत हे त्यांना उमगले नव्हते, ते १८९८ मध्ये पोलंडमधील ब्रोविच यांनी सांगितले. नाव मात्र कुप्फर यांचेच चिकटले. आतड्यातून येणारे सगळे रक्त आधी यकृतात येते. त्यासोबत आतड्यातील जिवाणूंचे तुकडे आणि विषारी घटकही येतात. कुप्फर पेशी नाक्यावरच्या जकातदारासारख्या ते अडवतात आणि गिळून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हृदय दमले की आतड्याच्या भिंतीलाही सूज येते आणि भिंत पाझरू लागते. नाक्यावर माल वाढतो. त्याच वेळी तुंबलेल्या रक्तामुळे नाकाच आजारी पडलेला असतो. अडवले न गेलेले जिवाणूंचे घटक पुढे रक्तात शिरतात, सगळ्या शरीरात दाह पेटतो आणि त्या दाहाची झळ पुन्हा हृदयालाच लागते. सूज असलेल्या हृदयरुग्णांच्या रक्तात अशा जिवाणूजन्य विषाचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने दाखवले होते. हृदयाच्या स्नायूतही स्वतःच्या भक्षक पेशी असतात. त्यातल्या काही गर्भावस्थेपासून तिथेच राहिलेल्या, डागडुजी करणाऱ्या. काही नंतर रक्तातून आलेल्या, भांडखोर. यकृतातही हेच दोन गट सापडतात. २०१९ मध्ये एडिनबरा येथील संशोधकांनी मानवी यकृताच्या एकेका पेशीची जनुकीय तपासणी करून सिरोसिसच्या व्रणांत ठाण मांडणाऱ्या भक्षक पेशींचा वेगळा प्रकार दाखवून दिला. हृदयावर पडणारा व्रण आणि यकृतावर पडणारा व्रण यांचे कारागीर एकाच कुळातले असतील, तर हृदयाचा डॉक्टर यकृताच्या प्रयोगशाळेत जाऊन बसतो यात आश्चर्य काय?

मग औषध का निघाले नाही?

निघाले होते, आणि फसले. ही हकिगत सांगितली जात नाही, पण सगळ्यात शिकण्यासारखी तीच आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवले की खंगत चाललेल्या हृदयरुग्णांच्या रक्तात ‘टीएनएफ’ हे दाह भडकवणारे रसायन वाढलेले असते. तर्क सरळ होता, टीएनएफ रोखा म्हणजे हृदय सुधारेल. संधिवातात वापरली जाणारी दोन महागडी औषधे हृदयरुग्णांना देऊन पाहिली गेली. इटानरसेप्टचा काहीही फायदा दिसला नाही आणि चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. इन्फ्लिक्सिमॅबच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर मोठी मात्रा घेणाऱ्या गटात मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण वाढले. कागदावर चोख दिसणारा तर्क खाटेवरच्या माणसाने खोटा ठरवला.

सिरोसिसच्या रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तातून भक्षक पेशी तयार करून त्या परत टोचण्याची चाचणीही एडिनबरा येथे झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. उपचार सुरक्षित दिसला. पण ज्या मुख्य मोजमापावर फरक दिसायला हवा होता, तिथे तो ठामपणे दिसला नाही. त्यामुळे कोणी ‘स्टेम सेलने लिव्हर नवे करून देतो’ म्हणून लाखांचे पॅकेज सांगत असेल, तर पिशवी उचलून तिथून निघावे हे उत्तम.

मधल्या काळात हृदयाला खरी मदत आली ती मधुमेहाच्या गोळ्यांतून. डापाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही वाचवते, हे २०१९ च्या चाचणीत दिसले. भारतात त्याचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले आणि किमती कोसळल्या. पातूरच्या मेडिकल दुकानात परवडेल असे हृदयाचे आधुनिक औषध पहिल्यांदाच आले आहे. ते कोणाला द्यायचे हे ठरवणारी नजर तिथे आहे का, हा वेगळा प्रश्न.

महाराष्ट्रात असे कोणी केले आहे का?

हृदय आणि यकृतातील पेशी अशी नेमकी जोडी नाही. पण खाटेपासून संशोधनापर्यंत आणि तिथून परत खाटेपर्यंत चालत गेलेले डॉक्टर आहेत. त्यातले सर्वात मोठे उदाहरण हृदय निकामी होण्याचेच आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, मुले तिथे काही तासांत तोंडातून गुलाबी फेस येऊन मरत होती. हा फेस म्हणजे हृदय निकामी होऊन फुप्फुसांत भरलेले पाणी. उपचार कळत नव्हता. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे गार पडणे यांच्या नोंदी केल्या. त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. विषामुळे शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबापुढे हरते, हे समजल्यावर त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली, प्राझोसिन. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरले.

गोष्ट तिथे संपली नाही. हाफकिनमध्ये विंचूदंशावरची लस तयार झाल्यावर प्राझोसिनला तिची जोड द्यावी की नाही, हा प्रश्न आला. स्वतःच्याच औषधाच्या प्रेमात असलेल्या माणसाने तो टाळला असता. बावस्कर दाम्पत्याने महाडमध्ये ७० रुग्णांची रीतसर चाचणी केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण लस आणि गोळी मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसती गोळी मिळालेल्या गटात ३५ पैकी ८. हे २०११ मध्ये ‘बीएमजे’त छापून आले. मेचनिकोव्हच्या विद्यार्थ्याच्या नावाची संस्था आणि महाडचा दवाखाना असे एका चाचणीत भेटले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या कामाला ज्यांनी सुरुवातीला महत्त्व दिले नसेल, त्यांनीही तेव्हा हार घातले असतील.

यकृताचे उदाहरण पुण्याचे आहे. एके काळी दोन-तीन वर्षांची बाळे सिरोसिसने जात. ‘भारतीय बालसिरोसिस’ असे त्या आजाराचे नावच होते. आनुवंशिक, दृष्ट लागली, आईचे दूध बाधले, सगळी कारणे सांगून झाली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना एक घरगुती प्रश्न विचारला, दूध कशात तापवता? उत्तर होते, पितळेच्या भांड्यात. कल्हई नसलेल्या पितळेतून दुधात तांबे उतरत होते आणि बाळाच्या यकृतात साठत होते. १९८३ पासून हे निबंध प्रसिद्ध होऊ लागले, स्टीलची भांडी आली, आणि पुढच्या काळात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्याच केईएममधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ का येते, याचे अर्धे उत्तर त्या एका फोटोत आहे.

प्रतिकारशक्ती वाढवणे चांगलेच ना?

इथे यकृतातील रोगप्रतिकारक पेशींचा विषय थेट घरातल्या फडताळापर्यंत येतो. करोनाकाळात गुळवेल घराघरांत पोहोचली. मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत कावीळ होऊन आलेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. यकृताचा तुकडा काढून पाहिला तेव्हा शरीराच्या प्रतिकारक पेशी स्वतःच्याच यकृतावर तुटून पडल्याचे चित्र होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख पक्की केली का, असे विचारले. पुढे देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यातल्या अनेकांना आधीपासून मधुमेह, थायरॉइड किंवा यकृताचा आजार होता.

याचा अर्थ गुळवेल घेणारा प्रत्येक जण आजारी पडतो असा नाही. अर्थ एवढाच की, ‘प्रतिकारशक्ती’ म्हणजे जास्त घातले की जास्त पीक देणारे खत नव्हे. ती पोलिसासारखी आहे, भलत्याच घरात घुसली तर घरच मोडते. सहा रुग्णांमधला समान धागा ओळखायला ‘काय काय खाता?’ हा प्रश्न विचारणारा आणि उत्तर लिहून ठेवणारा डॉक्टर लागला. पितळेच्या भांड्याचीही गोष्ट तीच होती.

पातूरला याचे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यात अमरावती, बुलढाणा आणि वाशीम आहेत. अकोल्याचे महाविद्यालय २००२ पासून आहे. पातूर अकोला-वाशीम रस्त्यावरच असल्याने आता दोन्ही दिशांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आनंदाची गोष्ट आहे. पण या महाविद्यालयांत काय व्हायला हवे, याची चर्चा इमारत, खाटा आणि रिक्त पदे यांच्यापलीकडे जात नाही.

यावरचा आक्षेप ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. तपासायलाच डॉक्टर नाहीत, संशोधन कोण करणार? बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांना एक रुग्ण, त्यात कुप्फर पेशींचे कौतुक कोणाला? मात्र संशोधन आजही होतेच, फक्त चुकीच्या कारणासाठी होते. अध्यापकांना पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. वेळ, कागद, मेहनत सगळे खर्च होते. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि त्याने कोणाची गोळी बदलत नाही. नव्याने काही मागायचे नाही. जे सक्तीने होतेच आहे, ते त्या भागातील प्रश्नाला जोडायचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करण्याची अटही आता आहे. त्या तीन महिन्यांत सुजलेले पाय आणि वाढलेले यकृत घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मानेची शीर पाहिली, इको केला, काढे-भस्मे-दारू-कीटकनाशके यांची विचारपूस लिहून ठेवली, तर दोन वर्षांत वऱ्हाडाचा स्वतःचा हिशेब तयार होईल. त्यासाठी एडिनबराची प्रयोगशाळा लागत नाही. रक्ताचे नमुने जपून ठेवले, तर पेशींचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात किंवा मुंबईत मिळेल. नमुना आणि नोंद मात्र इथूनच जायला हवी, कारण रुग्ण इथे आहे.

फॅटी लिव्हरचा समावेश केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्येच असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यात यकृताचा कडकपणा अंदाजण्यासाठी ‘फिब-४’ नावाचा साधा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचे प्लेटलेट, हजारांत, गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने. समजा, वय ५२, एसजीओटी ६८, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार. वर ३५३६, खाली १६० गुणिले ७ म्हणजे ११२०. उत्तर ३.१६. आकडा १.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नाही, २.६७ च्या वर गेला तर यकृततज्ज्ञाकडे पाठवायचे. पण हृदय दमल्यामुळे यकृत तुंबले असेल तर हाच आकडा फसवा वाढू शकतो, आणि मग रुग्णाला आधी इको लागतो. हे ठरवायला दोन्ही अवयव ओळखणारा माणूस हवा.

एसटीतल्या त्या पिशवीतील फाइलमध्ये हे चारही आकडे बहुतेक वेळा आधीपासूनच असतात. भागाकार कोणी केलेला नसतो.